जलेश्वरीला वीतभर हलवताना

नामदेवकाकांच्या बोटीला नाव मी दिलं, आणि ते काढायलाही मलाच जावं लागलं. मधल्या अडीच महिन्यांत काय झालं ते आमच्या दांडी गावात सगळ्यांना माहीत आहे, पण जो तो आपल्या सोयीनं सांगतो. माझ्याकडे रोजची वही आहे. आधी तिथी, मग एकशे आठ वेळा रामनाम, मग काय रांधलं ते, आणि खाली जागा उरली तर दिवसाची हकीगत, असा लग्न होऊन आले तेव्हापासूनचा नेम. त्या वहीवरूनच लिहिते आहे. माझी चूक जिथे आहे तिथे ती तशीच ठेवली आहे.

नामदेवकाका आमच्या मागच्या आळीतले तांडेल. बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा, तो तांडेल. चाळीस वर्षं त्यांचा शब्द शेवटचा होता. मग गुडघा गेला, एका डोळ्यात मोतीबिंदू आला, मुलगा निमेश बोईसरला कारखान्यात चिकटला आणि पुतण्या धर्मेशनं नवी फायबरची बोट घेतली. त्यांच्या घरची रीत अशी, की नवी बोट आली की जुनीचं नाव तिच्यावर चढतं. त्याप्रमाणे जुनीचं इंजिन निघालं, जाळी गेली, पाटीवरचं नाव खरवडून काढलं. राहिलं नुसतं लाकूड.

निमेश म्हणाला, "बाबा, फोडून टाकू. तेवढीच गाडी लावायला जागा होईल."

 चार दिवसांनी काकांनी पन्नास माणसं जमवून, दोर लावून, ओंडक्यांवरून ती बोट घराच्या मागच्या मोकळ्या जागेत आणून उभी केली आणि चटई, स्टोव्ह, रेडिओ घेऊन स्वतः तिच्यात राहायला गेले. बोटीत बर्फ भरायचा खण असतो. त्यात त्यांनी अंथरूण घातलं. पलंगावर, पंख्याखाली, त्यांना झोपच येत नव्हती. आयुष्यभर लाकडाच्या कुशीत झोपलेला माणूस.

चंद्रकांताकाकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी विचारलं, "काकी, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाईट कसलं! चालीस वर्सं दर्यावर होता, आता डोक्यावर बसला होता. मी एकटी झोपायला शिकलेली बाई हाय. त्याचं घोरणं म्हंजे इंजिन सुरू केल्यागत. गेला ते झ्याक झालं." आणि हे म्हणता म्हणता त्या त्यांच्यासाठी डब्यात भाकऱ्या भरत होत्या.

तर कार्तिक वद्य पंचमीला, मुगाची आमटी, नामदेवकाका आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"हेमांगी बाय, नाव पायजे."

"कोणाला? निमेशकडे काही गोड बातमी?"

"बोटीला."

"तुमच्या? अहो, ती आता घरामागे उभी आहे. तिला हाक कोण मारणार?"

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "बिननावाच्या लाकडावर मानूस एकदाच निजतो, बाय. आन् मग त्याला कोन उठवत नाय."

माझ्या अंगावर काटा आला. खरंच की. महिनाभर ते त्या विचारानं रोज आडवे होत होते. मी वही आणली. माझ्या वहीत मागच्या पानांवर देवादिकांची नावं अर्थासकट लिहिलेली आहेत. गावात कुणाचं बारसं असलं की मला विचारायला येतात, हे काकांना माहीत होतं.

"पन देवाचं नको," ते म्हणाले. "अर्थाचं पायजे, देवाचं नको."

"का बरं?"

"मी सकाळी उठतो. उठलो का वरच्या फळीला डोकं आपटतं. चालीस वर्सं आपटतंय. आपटलं का शिवी येते. देवाचं नाव ठेवलं तर शिवी कोनाला देऊ?"

"मग काकींचं नाव ठेवा."

"तिला दिली तर ती परत देते."

"सूर्या ठेवा. मासवणकडून वाहत येते, आपली नदी आहे."

"गोडं पानी. खाऱ्या लाकडाला मानवत नाय."

इथे माझी चूक झाली. मला वाटलं, हा बिचारा म्हातारा रोज सकाळी उठल्या उठल्या शिवी देतो, याला पुण्य कसं लागणार? देवीचं नाव असलं की तोंडाला आपोआप लगाम बसेल. मी वहीतून नाव काढलं: जलेश्वरी. पाण्याची स्वामिनी.

"पानी कुटं हाय आता?" काका म्हणाले. "ती उभी हाय चंद्रीच्या मोरीशी."

"मोरीत पाणी असतंच की," मी म्हटलं.

त्यांना पटलं नव्हतं, हे आता कळतं. पण मार्गशीर्षातला पहिला गुरुवार तोंडावर होता, मी उपासाची, आणि उपास करणाऱ्या बाईला नाही म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नाही. नाव ठरलं.

रंगवायला मेहुल पेंटर आला. तो बंदरावरच्या बोटी रंगवतो आणि टेम्पोंच्या मागची वाक्यं लिहितो. त्याला सांगितलं होतं फक्त 'जलेश्वरी'. पण त्याचा हात ठरलेला. त्यानं लाल-पिवळ्या रंगात लिहिलं, 'श्री जलेश्वरी माता प्रसन्न'. आजूबाजूला जागा उरली म्हणून दोन समया काढल्या, आणि तरीही रंग उरला म्हणून खाली एक कमळ. डोलकाठीवर भगवा झेंडा होताच, तो सगळ्या बोटींवर असतो. मी हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. वहीत लिहिलंय: गुरुवार, साबुदाण्याची खिचडी, फार समाधान वाटले.

समाधान दहा दिवस टिकलं.

बोईसरच्या कारखान्यांतली माणसं रविवारी समुद्र बघायला आमच्याकडे येतात. त्यांतला शैलेश नावाचा एक मुकादम नामदेवकाकांच्या घरामागून किनाऱ्याकडे चालला होता. त्याला झेंडा दिसला, समया दिसल्या, माता प्रसन्न असल्याचं समजलं. त्यानं चपला काढल्या आणि बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, डोकं टेकवलं. दुसऱ्याच दिवशी त्याची रात्रपाळी बदलून दिवसपाळी झाली. सहा महिने तो अर्ज करत होता म्हणे, पण अर्जाला कोण विचारतं!

पुढच्या रविवारी आठ जण आले. त्याच्या पुढच्या रविवारी तीस.

काका त्या वेळी बोटीच्या मागच्या अंगाला स्टोव्हवर मांदेली तळत होते. वर पाहतात तो शिडीखाली रांग. पहिल्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. काकांना वाटलं, भुकेला आहे. त्यांनी एक मांदेली ओंजळीत टाकली. मग रांगेतल्या प्रत्येकानं ओंजळ पुढे केली. प्रत्येकाला एक एक देता देता काकांचं जेवण संपलं. त्यांत एक जण शाकाहारी होता. प्रसाद टाकायचा कसा, म्हणून त्यानं तो कपाळाला लावून खिशात ठेवला. रविवारपासून बुधवारपर्यंत तो खिशातच होता. त्याच्या शेजारी मशीनवर कुणी उभं राहीना, तेव्हा साहेबांनी त्याला दाराजवळ, मोकळ्या हवेत, बसून करायचं काम दिलं. हाही चमत्कार धरला गेला.

"हेमांगी बाय, ही मानसं कवा जातील?" काका विचारत.

आणि मी काय करावं? मी त्यांना धीर द्यायचा सोडून नियम सांगत होते. नाळेकडे पाय करून झोपू नका, तिथे देवीचं नाव आहे. सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला आत मासळी शिजवू नका. आंघोळ केल्याशिवाय शिडी चढू नका. काका मान हलवत. पण ते तिथेच राहत होते ना! म्हणजे सकाळी उठायचं, शिडी उतरायची, मोरीवर आंघोळ करायची आणि ओलेत्यानं चढून आपल्याच अंथरुणाची घडी घालायची. डोकं आपटलं की शिवी ओठांवर यायची, ती गिळायची. महिन्याभरात त्यांना पित्ताचा त्रास सुरू झाला. काकी म्हणत, "गिळलेल्या शिव्या हायत त्या, दुसरं काय नाय."

पौष संपता संपता मितेशभाऊंच्या कानावर हे गेलं. मितेशभाऊंना समिती करायची हौस. गटाराची समिती, क्रिकेटची समिती, मागे एकदा समित्या एकत्र आणायची समिती. त्यांनी बोटीखालीच खुर्च्या मांडून सभा घेतली. ते अध्यक्ष. मी नाव दिलेलं, म्हणून मला न विचारता उपाध्यक्ष केलं. ठराव वाचला: माघी पौर्णिमेला बोटीत देवीची स्थापना करायची, वर पत्र्याचा मंडप घालायचा.

"आन् मी?" काकांनी वरून विचारलं. ते काठावर बसून दाढी करत होते. खाली उतरून करायला आरसा नव्हता.

"तुमचा मान पहिला, काका. पण गाभाऱ्यात माणूस राहत नाही."

"गाभारा कुठला?"

"तो मधला खण."

"अरे, तो माझा बर्फाचा खण हाय! त्यात मी निजतो!"

"तेच तर. पौर्णिमेच्या आत मोकळा करा. आणि ती लुंगी काढा झेंड्याच्या दोरीवरून, फोटो काढायचेत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या चेहऱ्यावर साबण होता. मी उपाध्यक्ष. मी खाली मान घातली. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "काय झालं सभेत?" मी म्हटलं, "माणसाच्या घराला देऊळ केलं आम्ही." ते म्हणाले, "मग चांगलंच की." मला त्या दिवशी रामनाम लिहिताना दोनदा मोजणी चुकली.

काका खरंच घरात झोपायला गेले. तांडेल माणूस, पंचांचं ऐकायचं ही सवय. चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी चंद्रकांताकाकी आमच्या दारात. डोळे लाल, पदर कमरेला खोचलेला.

"हेमांगे, चार दिवस तो झोपला नाय. येरझाऱ्या घालतो. पंखा लावतो, बंद करतो, मला उठवून विचारतो, 'वारा कुठचा हाय गं?' पंख्याचा हाय, म्हनते मी! काल जेवला नाय. आता म्हनतो, माझं लाकूडच गेलं तर मी राहून काय करू."  मग म्हणाल्या, "तू नाव दिलं, तूच काढ."

"काकी, देवीचं नाव असं खरवडून कसं काढायचं? पाप लागेल."

"मग त्याला घालवून लागनार नाय?"

त्या निघून गेल्या. मी देवघरात बसले. समोर आमचा चांदीचा गणपती. मला भाद्रपदातली पाचव्या दिवसाची दुपार आठवली. आम्ही विसर्जनाला निघायच्या आधी हे अक्षता वाहतात, 'पुन्हा या' म्हणतात आणि मूर्ती जागेवरून थोडी उत्तरेला सरकवतात. सरकवली की झालं. त्यानंतर मखरात राहते ती नुसती शाडूची माती. देवाला घालवावं लागत नाही, निरोप द्यावा लागतो. निरोपाला उत्तरपूजा आहे, आणि ती कुणाही गृहस्थाला करता येते.

म्हणजे जलेश्वरीला निरोप द्यायचा तर मूर्ती जागची हलायला हवी. मूर्ती कुठली? आख्खी बोटच. ती वीतभर तरी उत्तरेला सरकायला हवी.

मी मितेशभाऊंकडे गेले. "भाऊ, गणपती दीड दिवसाचा असतो, गौरी तीन दिवसांच्या. जलेश्वरी अडीच महिन्यांची होती. तिची जायची वेळ झाली."

"असं कुठे लिहिलंय?"

"माझ्या वहीत," मी म्हटलं. खोटं नव्हतं, दुपारीच लिहिलं होतं.

"पण मग समितीचं काय?"

"विसर्जन समिती करा."

मितेशभाऊंचा चेहरा उजळला. ही अजून झाली नव्हती.

माघी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी सगळे जमले. शैलेश साठ माणसं घेऊन आला. देवी चालली म्हटल्यावर त्यांचे डोळे भरले होते. "माताजी को हम खुद विदा करेंगे," तो म्हणाला. आमच्याकडे बोट ओढताना ओंडक्यांना माशाचं तेल लावतात. त्यांनी कारखान्यात उरलेलं मशीनचं ग्रीस आणलं होतं, दोन डबे. भक्तिभावानं त्यांनी ते एकेका ओंडक्याला दोन्ही हातांनी फासलं.

ह्यांनी पूजा सांगितली, मी अक्षता वाहिल्या. नाळेवर हात ठेवून मनात म्हटलं, आई, तुला बोलावलं मी, माझ्याच हौसेनं. तुझ्या पाया पडते, पण या माणसाला झोपू दे.

नामदेवकाका पुढे उभे राहिले. सहा महिन्यांत पहिल्यांदा ते गुडघा विसरून ताठ उभे होते. "मी 'हैस्सा' म्हनलो का ढकला. 'बस' म्हनलो का थांबा. वीतभर. समजलं काय?"

"समझ गये, बाबा!"

"हैस्सा!"

साठ भक्त आणि वीस कोळी एकदम लागले. "जलेश्वरी माता की जय!" बोट करकरली, हलली, वीतभर सरकली.

"बस!" काका ओरडले.

पण जयजयकारात ते कुणाला ऐकू येणार? आणि ग्रीस. ती बोट चाळीस वर्षांत पाण्यात जशी गेली नसेल तशी ओंडक्यांवरून गेली. भक्त जय म्हणत मागे पळत होते, त्यांना वाटत होतं माताजी स्वतःहून निघाल्या. उत्तरेला काकींचं घर. मध्ये काकींची वलांडी, बांबूचा मांडव, बोंबील वाळत टाकायचा. नाळ त्या मांडवात शिरली आणि शे-दोनशे बोंबील आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर पडले. शाकाहारी गृहस्थानं डोळे मिटून हात जोडले. मग मोरीचा कठडा गेला. आणि मग, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून हातभर अंतरावर, बोट थांबली. आपणहून.

 खिडकीत चंद्रकांताकाकी उभ्या होत्या. त्यांनी बोटीकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं, बोंबलांकडे पाहिलं.

"वीतभर म्हनला होता ना रे तू?"

"ऐकलं नाय त्यांनी," काका हळूच म्हणाले.

"चालीस वर्सांत तुझी वीत मला कळली नाय." मग त्या आत वळल्या, स्टोव्हवरचा चहा गाळला आणि खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून कप सरळ बोटीच्या काठावर ठेवला. हात पोचला. "घे. आता भाकरीला डबा नको. नुसता शेजार झाला हा."

काका शिडीशिवायच चढले, कसे ते विचारू नका. कप उचलला. मग खणात वाकले आणि आतून ठाप्पकन आवाज आला. पाठोपाठ एक शिवी आली, अडीच महिने गिळलेली, आख्खीच्या आख्खी. ती वहीत लिहिलेली नाही. नंतर त्यांचं डोकं वर आलं. चेहरा असा, की पित्त उतरलेलं दिसलं.

"बाय," ते मला म्हणाले, "शेजार कसं हाय?"

"काय कसं?"

"नाव. शेजाऱ्याला शिवी देता येते. पाया पडावं लागत नाय. तो सोडून जात नाय, आन् घरात पन येत नाय."

मी खिडकीकडे पाहिलं. काकी म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघते? मोरी बांधून द्यायला सांग शेजाऱ्याला."

मितेशभाऊ आणि मी खोबऱ्याची वाटी आणि अक्षता घेऊन किनाऱ्यावर गेलो. शैलेश आणि त्याची माणसं मागे होती. ओहोटी लागली होती. मी देवीला पाण्यात सोडलं. जलेश्वरीला पाणी तेव्हा मिळालं. शैलेशनं विचारलं, "अगले साल आयेंगी?" मी म्हटलं, "तिची इच्छा."

बारसं दुसऱ्या दिवशी झालं. बायका जमल्या, आणि बोटीचा कान कुठला यावर अर्धा तास वाद झाला. एकीचं म्हणणं डोलकाठीजवळ, दुसरीचं सुकाणूपाशी. शेवटी काकी म्हणाल्या, "माझ्या खिडकीशी जे आलंय तो कान," आणि गजांतून वाकून नाळेशी त्यांनीच नाव सांगितलं. मेहुल पेंटरनं जुनं नाव खरवडलं आणि माझ्यासमोर नवं लिहिलं, फक्त तीन अक्षरं. समया काढायला हात गेला होता, मी पकडला.

परवा दुपारी भाजी द्यायला गेले होते. काकी खिडकीपाशी बसून तांदूळ निवडत होत्या. हातभरावर, आतून, नामदेवकाकांचं घोरणं येत होतं. पातेल्यावरचं झाकण त्या तालात वाजत होतं.

"बघ गं," काकी म्हणाल्या, "सोसवतं कुनाला? इतकं जवळ."

"मग खिडकी लावून घ्या ना काकी."

त्यांनी एक खडा वेचून बाहेर टाकला. तो बोटीला लागून टक्क वाजला. घोरणं क्षणभर थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"उकडतं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीचं उरलेलं दारही उघडलं.